दुःखाची साक्ष : पंडिता रमाबाईंच्या जीवनाचा एक अभ्यास

पंडिता रमाबाईंचे नाव आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. विदुषी, समाजसुधारक, शारदा सदनाच्या संस्थापिका एवढी ओळख परीक्षेपुरती पुरतेही. पण त्यांच्या जीवनातील एक प्रश्न या ओळखीच्या बाहेर राहतो. ज्या स्त्रीने ऐन तारुण्यात आपले जवळजवळ सारे कुटुंब गमावले, ती त्या दुःखातून सावरली कशी? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत हे कुटुंब देशभर फिरले. १८७० च्या दशकातील दुष्काळात दक्षिणेत त्यांची अन्नान्नदशा झाली. तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढले. पुढे वडील, आई व बहीण एकामागून एक गेली. भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. तेही १८८२ मध्ये पटकीने वारले. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी लहानगी मनोरमा पदरात घेऊन रमाबाई उरल्या.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागील एक कारण त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तेथील धर्मभगिनी 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांची मायेने सेवा करीत होत्या. आपल्याकडे अशा स्त्रीला दारातही उभे करीत नाहीत, मग येथे हे कसे, असे त्यांनी विचारले. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीकाठच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. समाजाने टाकलेल्या स्त्रीशी येशू आदराने बोलतो, हे पाहून त्यांचे मन वळले.

परंतु बाप्तिस्मा झाला आणि जखम भरली, असे घडले नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळायला आणखी आठ वर्षे लागली, अशा आशयाचे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत लिहिले आहे. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. मत पटणे वेगळे आणि मन शांत होणे वेगळे, हा भेद त्यांनी झाकून ठेवला नाही.

'साक्ष' हा शब्द आपल्याला कोर्टाच्या संदर्भात माहीत आहे. ख्रिस्ती मंडळीत साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते चारचौघांत सांगणे. तसे पाहता ही रीत आपल्या मातीला परकी नाही. आपल्या जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई ही लहानपणीच नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली. दळताकांडताना तिने आपले एकटेपण विठ्ठलाला सांगितले आणि तिचे अभंग झाले. दोघींचे मार्ग निराळे, श्रद्धा निराळ्या; पण दुःख मुके ठेवू नये, हे दोघींनी जाणले. आमच्या घरी १९७२ च्या दुष्काळाचा विषय निघाला की खडी फोडण्याचे काम आणि तांबडी मिलो यांच्यापर्यंत आजी बोलते. पुढे "जाऊ दे, गेलं ते" म्हणून उठते. गेलेले नसते, म्हणूनच ती उठते, असे मला वाटते.

रमाबाईंनी आपले दुःख नुसते सांगितले नाही, त्याला कामाला लावले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. त्यातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. भुकेने वाळलेल्या मुली पाहून त्यांना स्वतःचे रानातले दिवस आठवले. सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तेथे छापखाना, विणकाम, तेलघाणा असे उद्योग निघाले; अंध स्त्रियांना शिकविण्याचीही सोय झाली. ज्या आठवणीने माणूस खचतो, तीच आठवण येथे दुसऱ्याची भूक ओळखणारी नजर झाली.

याची दुसरी बाजूही अभ्यासकाने नोंदविली पाहिजे. शारदा सदनात कोणाच्या धर्मात हस्तक्षेप होणार नाही, असे ठरले होते. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. 'केसरी'ने कडक टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मला वाटते, हा वाद केवळ सनातन्यांचा कांगावा म्हणून सोडून देता येत नाही. जिच्या हातचे आपण जेवतो तिला 'नाही' म्हणणे निराधार मुलीला अवघडच. उलट, जिला जगण्याचे बळ प्रार्थनेत मिळाले त्या बाईने प्रार्थनेचे दार लावून घ्यावे, ही अपेक्षाही सोपी नव्हे. ऐकणाऱ्याला उठून जाण्याची मोकळीक असेल तरच साक्ष ही साक्ष राहते, हा धडा मी या वादातून घेतो.

१९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे श्रद्धेने त्यांच्या वाट्याचे दुःख थांबविले नाही. दुःखाने त्यांचे काम मात्र थांबले नाही. मन बरे होणे याचा अर्थ विसरणे असा आपण घेतो. रमाबाई काहीच विसरल्या नाहीत, म्हणूनच रानातले ते अकरा दिवस केडगावच्या शेकडो मुलींच्या ताटात भाकरी होऊन आले.