रडणाऱ्यापुढे माईक



२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे ९,००० माणसे दगावली. भारताने तातडीने मदत पाठवली. तरीही ३ मे रोजी, नेमक्या जागतिक वृत्तपत्रस्वातंत्र्य दिनी, नेपाळी लोक समाजमाध्यमांवर भारतीय वार्ताहरांना ‘घरी परत जा’ असे बजावत होते. का बरे?

आप्त गमावलेल्यांपुढे माईक धरून ‘तुम्हांला कसे वाटते?’ असे विचारले जात होते. तत्त्ववेत्ता कांट सांगतो, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. रडणारी आई हे बातमीचे साधन नव्हे. (आपणही रिमोट हातात धरून तेच चेहरे पाहत बसतो, हे वाहिन्यांना पक्के ठाऊक असते.)

वार्ताहरांनी जाऊच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. सर्वाधिक बळी डोंगराळ सिंधुपाल्चोक जिल्ह्यात गेले. दरडींमुळे वाटा बंद झालेल्या गावांची हाक बाहेर कोण पोहोचवणार? कुठे तंबू मिळाले नाहीत, कोणता रस्ता तुटला, निधी कुठे खर्ची पडला, हे सांगणे हीच त्यांची खरी सेवा. निधीचा प्रश्न तर फार उशिरा विचारावा लागतो. नेपाळचे पुनर्बांधणी प्राधिकरण डिसेंबर २०१५ मध्ये स्थापन झाले. तोवर बहुतेक कॅमेरे केव्हाच परतले होते.