कोटेशनमधल्या अपुऱ्या ओळी

पहिला गेमिंग कॉम्प्युटर स्वतः जुळवायला निघालेल्या मुलांची कोटेशनं गेली काही वर्षं माझ्याकडे तपासायला येतात. कुणी नात्यातलं असतं, कुणी शेजारचं, कुणी मित्राचा मुलगा. मजकूर साधारण सारखाच असतो: ‘आय-५ प्रोसेसर, गेमिंग मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ३०५० ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट.’ खाली एकूण रक्कम. वाचताना सगळं आलं असं वाटतं. प्रत्यक्षात यातली एकही ओळ पुरी नाही. ओळ जिथे अपुरी असते, तिथेच ग्राहकाचे पैसे जातात. म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो. आधी प्रत्येक भागाचं पूर्ण नाव लिहून घ्या, भाव त्यानंतर बोला.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगतो, त्यामागे माझ्या पुतण्याच्या मशीनचा अनुभव आहे. त्याने साठवलेले पैसे आणि दादा-वहिनींनी घातलेली भर यातून एका दुकानात सेट जुळवून घेतला. आय-५ १२४००एफ प्रोसेसर आणि १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० कार्ड, म्हणजे निवड चांगली होती. पण गेम जरा जड झाला की कॉम्प्युटर एकदम बंद. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं, “विंडोज परत टाक.” विंडोज परत टाकून झालं, गेम काढून पुन्हा टाकून झाला, बंद पडणं तसंच राहिलं. शेवटी तो मशीन घेऊन माझ्याकडे आला. “काका, कार्डच खराब निघालं असणार,” असं त्याचं म्हणणं होतं.

कॅबिनेटची बाजू उघडली आणि आधी जळकट वास आला. कार्डाला वीज पुरवणारी आठ पिनांची वायर त्या एसएमपीएसला नव्हतीच. दुकानात हार्ड डिस्कच्या साटा प्लगला एक कन्व्हर्टर जोडून काम भागवलं होतं. साटा प्लगमधल्या १२ व्होल्टच्या तीन पिना प्रत्येकी दीड अँपिअर पेलतात, म्हणजे साडेचार अँपिअर, म्हणजेच ५४ वॅट. ३०६० कार्ड पूर्ण भाराला १७० वॅट घेतं. त्यातले जास्तीत जास्त ७५ वॅट बोर्डावरच्या स्लॉटमधून मिळतात. उरलेले निदान ९५ त्या ५४ वॅटच्या प्लगमधून ओढले जात होते. प्लगचं प्लास्टिक तपकिरी होऊन मऊ पडलं होतं. मशीन रात्री चालू ठेवून घरचे झोपले असते तर काय झालं असतं, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

नवा, नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस बसवला आणि तेच कार्ड व्यवस्थित चाललं. दुकानदाराने मात्र हात वर केले. बिलावर ‘५०० वॅट एसएमपीएस’ एवढंच होतं. कंपनी नाही, मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. दाद मागायची तरी कशाच्या आधारावर?

एसएमपीएस : आकडा १२ व्होल्टचा

म्हणून सुरुवात याच भागापासून करतो. त्यावर दिवे नसतात, मित्रांना दाखवण्यासारखं त्यात काही नसतं, आणि कोटेशनमध्ये काटछाट करायची झाली की पहिली कात्री इथेच लागते. खोक्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवा आणि एसएमपीएसच्या अंगावर छापलेला तक्ता बघा. ‘+१२ व्होल्ट’ या रकान्याखालच्या अँपिअरला १२ने गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच रकान्यातून घेतात. पुतण्याच्या एसएमपीएसवर तिथे १६ अँपिअर होते, म्हणजे १९२ वॅट. त्याच्या प्रोसेसरची कमाल गरज ११७ आणि कार्डाची १७०, मिळून २८७. हिशेब तिथेच फसला होता. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात साधारण ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट दिसतात.

‘८० प्लस’चा शिक्का कार्यक्षमतेचा असतो. किती वीज उपयोगी पडते आणि किती उष्णतेत वाया जाते, एवढंच तो सांगतो. तो असावा, पण त्याच्या जोडीला कंपनीचं नाव, पूर्ण मॉडेल, किमान पाच वर्षांची वॉरंटी आणि कार्डासाठी मूळचीच आठ पिनांची वायर या चार गोष्टी बघा. साटा किंवा जुन्या चार पिनांच्या प्लगवरून कार्डाला वीज देणारा कन्व्हर्टर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका.

पडद्यापासून उलटं या

बहुतेक मुलं प्रोसेसरपासून सुरुवात करतात. मी मॉनिटरपासून करायला सांगतो. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. १४४०पी पडद्यावर ३६ लाख ८६ हजार, आणि फोर-केवर ८२ लाख ९४ हजार, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. प्रत्येक चित्रासाठी हे सगळे ठिपके रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. त्यामुळे पडदा ठरला की कार्ड ठरतं, कार्ड ठरलं की एसएमपीएस ठरतो, आणि मग उरलेल्या पैशांत प्रोसेसर, बोर्ड, रॅम बसवता येतात. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याला १०८०पीचा, १४४ किंवा १६५ हर्ट्झचा पडदा आणि मध्यम कार्ड पुरतं. रेड डेड रिडेम्प्शन २ सारखे दृश्यांनी भरलेले गेम खेळायचे असतील तर पैसा कार्डाकडे जास्त वळवावा. काय खेळणार, हे आधी कागदावर लिहा.

कार्ड : एकाच नावाची दोन

‘आरटीएक्स ३०५०’ एवढं लिहिलं की समजलं असं वाटतं, पण या नावाची वेगवेगळी कार्डं आहेत. ८ जीबीच्या मूळ कार्डात २,५६० कोअर आणि १२८ बिटचा मेमरी मार्ग आहे. २०२४मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २,३०४ कोअर आणि ९६ बिटचा. मेमरीबरोबर कार्डाची ताकदही उतरली, नाव मात्र तेच. ३०६०चंही तसंच: १२ जीबीच्या कार्डात १९२ बिटचा मार्ग, २०२२च्या अखेरीस आलेल्या ८ जीबीच्या कार्डात १२८ बिटचा. जीटी १०३०ला तर जीडीडीआर५ आणि डीडीआर४ अशा दोन प्रकारच्या मेमरी लावून विकलं गेलं. पहिल्याचा मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याचा १७च्याही खाली. म्हणून कार्डाच्या ओळीत कंपनी, चिपचं नाव, मेमरी किती आणि कोणत्या प्रकारची, हे सगळं आलं पाहिजे.

जुनं कार्ड घेणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग संपलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जगभर जुन्या बाजारात उतरली. असं प्रत्येक कार्ड वाईटच असतं असं नाही, पण डोळ्यांदेखत अर्धा तास गेम चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कित्येक वर्षं जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली बनावट कार्डंही फिरतात. जीपीयू-झी हा मोफत प्रोग्रॅम चालवला की अशा बऱ्याच कार्डांच्या नावापुढे बनावट असल्याचा इशारा दिसतो.

प्रोसेसर आणि बोर्ड

‘आय-५’ हे नाव २००९पासून बाजारात आहे. इतक्या वर्षांतला कोणताही आय-५ त्या एका शब्दात मावतो. स्वस्त ‘गेमिंग सेट’च्या जाहिरातींत अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या पिढीचे जुने प्रोसेसर असतात. विंडोज ११साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते, विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असावं लागतं. अशा सेटमध्ये घातलेला पैसा पहिल्याच महिन्यात अडकतो.

पूर्ण नाव घेतलं की बरंच कळतं. १२४०० मधला १२ म्हणजे बारावी पिढी. शेवटी एफ असेल तर प्रोसेसरमध्ये स्वतःची ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड नसेल किंवा बिघडलं तर पडदा काळाच. एएमडीच्या रायझन ५ ५६०० आणि ५५०० या दोघांतही सहा कोअर आहेत, पण पहिल्यात ३२ एमबी एल-३ कॅश आहे आणि दुसऱ्यात १६. गेममध्ये हा फरक जाणवतो.

बोर्डाच्या ओळीत सॉकेट आणि रॅमचा प्रकार हवा. एकाच नावाच्या बी७६० बोर्डाच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन आवृत्त्या मिळतात, आणि एकीची रॅम दुसरीत बसतच नाही. पुढे प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर सॉकेटचं आयुष्यही बघा. एएमडीचं एएम५ सॉकेट २०२२मध्ये आलं आणि २०२७पर्यंत ते चालू ठेवण्याचं कंपनीने जाहीर केलं आहे. इंटेलचं एलजीए १७०० बारावी ते चौदावी पिढी सांभाळून थांबलं.

रॅम आणि एसएसडी

‘१६ जीबी रॅम’ म्हणजे १६ची एक पट्टी की ८च्या दोन? दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्या तर मेमरीचे दोन्ही मार्ग वापरले जातात. एका पट्टीवर अर्धा मार्ग रिकामा राहतो. वेगही लिहून घ्या: डीडीआर४ असेल तर ३२००, डीडीआर५ असेल तर ६०००च्या आसपास. आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू केल्याशिवाय पट्ट्या सहसा त्या वेगाने चालत नाहीत, हे लक्षात ठेवा. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे इथे हात आखडण्याचा मोह होणारच. तरीही ज्या पट्टीवर कंपनीचं नाव नाही ती घेऊ नका.

एसएसडीच्या ओळीत साटा की एनव्हीएमई, हे स्पष्ट हवं. साटाचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो. तिसऱ्या पिढीची चांगली एनव्हीएमई ३,५००पर्यंत जाते. आकाराचं म्हणाल तर रेड डेड रिडेम्प्शन २ आणि बाल्डर्स गेट ३ हे दोन्ही गेम प्रत्येकी १५० जीबी मागतात. विंडोज आणि असे दोन-तीन गेम टाकले की ५१२ जीबी भरलीच. पहिल्यांदाच १ टीबी घेतलेली बरी.

घर आणि हवा

परदेशी व्हिडिओ बघून केलेली यादी आपल्या घरात जशीच्या तशी चालत नाही. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि एसी नसलेल्या खोलीत समोरून बंद काचेचं कॅबिनेट म्हणजे आतल्या भागांचा छळ. समोर जाळी, आत हवा घेणारे निदान दोन पंखे आणि काढून धुता येणारी धुळीची गाळणी एवढं असलं की पुरे. दिवे कमी असले तरी चालतील.

यूपीएसवरचा ‘६००’ हा आकडा व्हीएचा असतो, वॅटचा नाही. अशा यूपीएसची खरी ताकद बहुधा ३६० वॅट असते. गेमिंग मशीन आणि मॉनिटर मिळून ती सहज ओलांडतात आणि वीज जाताच यूपीएसही मान टाकतो. इथे १००० व्हीए किंवा वरचाच घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत हे काम कॉम्प्युटर येण्याआधी झालेलं चांगलं.

टोकन देण्याआधी, आणि घरी आल्यावर

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जा, गावातल्या दुकानात जा किंवा ऑनलाइन मागवा, रीत एकच ठेवा. कोटेशनमध्ये प्रत्येक भागाची कंपनी, पूर्ण मॉडेल आणि वॉरंटीची वर्षं लिहून घ्या, आणि दोन-तीन दुकानांत तीच यादी दाखवा. भावाची तुलना तेव्हाच खरी होते. भाव १८ टक्के जीएसटी धरून आहे का, ते विचारा. ‘बिल नको असेल तर कमी करून देतो’ याला नम्रपणे नकार द्या. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर हवा. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचा स्टिकर आहे का बघा, कारण चोरवाटेने आलेल्या मालाला भारतात वॉरंटी मिळणं कठीण जातं. जो दुकानदार पूर्ण नावं लिहायला कुरकुरतो, त्याच्याकडून उठून यावं. जो स्वतःहून लिहून देतो, त्याला दोन-चारशे रुपये जास्त गेले तरी हरकत नाही. आणि काही फसलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदवताना हेच बिल उपयोगी पडतं.

मशीन जुळलं की पहिल्याच संध्याकाळी पाच गोष्टी तपासा. मॉनिटरची केबल बोर्डात न लावता कार्डात लावली आहे का. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये पडदा ६०वर अडकलेला नाही ना, १४४ किंवा १६५ हर्ट्झवर आहे ना. सीपीयू-झी आणि जीपीयू-झीमध्ये दिसणारी नावं बिलाशी जुळतात का. रॅमच्या दोन्ही पट्ट्या दिसतात का आणि वेग खोक्यावरचाच आहे का. तासभर जड गेम चालवल्यावर मशीन स्थिर राहतं का. काही चुकलेलं दिसलं तर दुसऱ्याच दिवशी बिल आणि सगळी खोकी घेऊन दुकान गाठा. भाग बदलून देण्याची मुदत अनेक दुकानांत जेमतेम आठवड्याची असते, आणि ती संपली की पुढचे महिने सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्यांत जातात.