कवीला आजारी ठरवण्याआधी

औंध

चि. सोनूस,


प्रबंधिकेचं टिपण मिळालं. साने गुरुजींच्या ‘पत्री’तल्या कवितांना फ्रॉइड लावायचा तुझा बेत धाडसाचा आहे, आणि त्याला माझी ना नाही. पण पहिल्याच पानावर गुरुजींचं मरण: ११ जून १९५०, झोपेच्या गोळ्या, आणि मग प्रत्येक कवितेत त्याच मरणाच्या खुणा! असं शेवटाकडून वाचायला बसलं की कुठलीही ओळ पुरावा होते. सिल्व्हिया प्लाथचं तेच झालं. १९६३ मध्ये तिनं जीव दिला आणि कविता बाजूला ठेवून लोक तिचा केसपेपर वाचत बसले.

गुरुजी स्वतःला पापी, दुबळा म्हणवून घेतात, तिथे तू ‘अपराधगंड’ लिहून मोकळी झालीस. अगं, तुकोबांच्या अभंगांत, समर्थांच्या करुणाष्टकांत हाच सूर नाही का? देवापुढे स्वतःला हीन म्हणवणं ही त्या काव्याची रीतच आहे. रीत किती आणि गुरुजींचं स्वतःचं किती, हे आधी निवड. उरेल तिथे फ्रॉइडला खुशाल बोलव.

गुरुजींच्या आईचंही तसंच. आई गेली १९१७ मध्ये, ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली १९३३ मध्ये. त्यात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रात्री आठवणी सांगतो. ऐकणारे समोर आहेत, म्हणून काय सांगायचं, कुठे थांबायचं हे तो ठरवतो. कबुली देणारा ‘मी’सुद्धा रचलेलाच असतो. खुद्द फ्रॉइडनं १९२८ मध्ये दस्तयेवस्कीवर लिहिताना कलावंताच्या प्रतिभेपुढे हात टेकले होते.

आणि बाहेरचं जगही विसरू नकोस. गुरुजी शिकायला आपल्या औंधात आले, गरिबीत हाल सोसले, आणि प्लेगमुळे त्यांना गाव सोडावं लागलं. त्या हालांचं मूळ मनाच्या तळाशी शोधायची गरज नाही.

आता एक काम कर. ‘बलसागर भारत होवो’ही ‘पत्री’तलीच. तुझ्या टिपणात तिचं नावही नाही, कारण ती तुझ्या सिद्धांताला गैरसोयीची आहे. पहिलं प्रकरण तिच्यावरच लिही. तिथे सिद्धांत टिकला तर पुढे जा, नाही टिकला तर विषय बदलायला अजून वेळ आहे. मसुदा दिवाळीला घेऊन ये.

तुझा,
मामा