कुरळे पण पातळ केस

मुळशी तालुक्यात पावसाळा लागला की ताप-खोकल्याच्या जोडीने दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. केस कुरळे आहेत, पण फार पातळ. वर टाळूला चप्प बसतात आणि खाली पिंजारतात, ते भरीव दिसतील असे काही औषध द्या. मुलगी लग्नाची असली तर तिच्यापेक्षा आईच अधिक काकुळतीने विचारते.

'पातळ केस' हा शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि घोटाळा तेथेच होतो. केसाचा धागाच बारीक असणे ही एक गोष्ट. केसांची संख्या घटून डोके विरळ होणे ही दुसरी. पहिली जन्मजात असते, तो आजार नव्हे. म्हणून आधी स्वतःला विचारावे, वेणी लहानपणापासून अशीच होती, की गेल्या वर्षभरात बारीक झाली?

जन्मजात बारीक कुरळ्या केसांची जाडी कोणत्याही तेलाने वाढत नाही. पण वळण हाच त्यांचा फुगवटा असतो, तो राखता येतो. टाळूवर तयार होणारा तेलकटपणा वळणावळणाच्या केसावरून खाली सहज उतरत नाही, त्यामुळे मुळे तेलकट आणि टोके कोरडी राहतात. त्यात डोक्यावर तेल थापले की बारीक केस वजनाने आणखी चपटे होतात. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधक रेळे व मोहिले यांनी 2003 साली खनिज तेल, सूर्यफूल व खोबरेल यांची तुलना केली. केसांतील प्रथिनांची झीज कमी करणारे खोबरेलच निघाले. कंपनी खोबरेल विकते हे खरे, तरी निष्कर्ष पटण्याजोगा आहे. न्हाण्यापूर्वी तासभर थोडे तेल मुळांना नव्हे, लांबीला लावावे व सौम्य शाम्पूने धुवावे.

केस ओले असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने विंचरावेत. वाळल्यावर बारीक दातांची फणी फिरवली की वळणे मोडतात आणि केस तुटतात. टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या सुती साडीच्या तुकड्याने टिपावेत. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळून, बुळबुळीत झाल्यावर गरम असतानाच फडक्यातून गाळावेत आणि ते पाणी ओल्या केसांना चोळून मूठ दाबत वळणे बसवावीत. चटणीच्या जवसाचा हा उपयोग महागड्या जेलपेक्षा स्वस्त आहे. उरलेले पाणी फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावे. कमरेपर्यंतचे केस स्वतःच्या भाराने वर ताणले जातात. खांद्याच्या आसपास थर देऊन कापले तर लगेच दाट भासतात. आजीबाईंना हे पटत नाही, याची कल्पना आहे.

केस सरळ करून घेण्याची मात्र घाई नको. वळण गेले की बारीक केस अधिकच विरळ दिसतात. शिवाय ग्लायकोलिक किंवा ग्लायोक्झिलिक आम्ल असलेल्या रसायनांनंतर मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्ण इस्रायल व फ्रान्समधील डॉक्टरांनी 2023 व 2024 मध्ये नोंदवले आहेत.

आता दुसरा प्रकार. दिवसाला 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे. कुरळे केस रोज विंचरले जात नाहीत, म्हणून न्हाण्याच्या दिवशी साठलेले सगळे एकदम हाती येतात. त्याने घाबरू नये. डेंग्यू, टायफॉईड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्याने गळतात आणि बहुधा सहा-आठ महिन्यांत पुन्हा भरतात. पण वेणी सतत बारीक होत असेल, भांग रुंदावत असेल, पाळी अंगावरून जास्त जात असेल, चढ चढताना दम लागत असेल, तर तेल बदलत बसू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन, फेरिटिन व थायरॉईड तपासून घ्यावे. गोल चकत्या पडल्या तर ती चाई. तिचे उपचार वेगळे.

केसांच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांतील बायोटिनमुळे थायरॉईडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात, म्हणून रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. कित्येक गोळ्यांत सेलेनियमही असते, आणि ते जादा झाले तर केस उलट गळतात. 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील गावांत अनेकांचे केस अचानक गळाले, तेव्हा महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी गव्हातील जादा सेलेनियमकडेच बोट दाखवले होते.