उजव्या बाजूनं चाला

पुण्यात नोकरीला लागून मला नऊ वर्षं झाली. कोल्हापूर तिथून काही फार लांब नाही, जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. तरीही घरी जाणं हळूहळू गणपती, दिवाळी आणि कुणाच्या तरी लग्नापुरतं उरलं होतं. गेल्या महिन्यात यातलं काहीच नसताना दोन दिवस जाऊन आले. त्या दोन दिवसांत जे कळलं, ते विसरायच्या आत लिहून ठेवते आहे.

१. कारण नसताना घरी जावं.

"उद्या येतोय गं," असं आईला फोनवर सांगितलं. (आमच्याकडं बायकाही 'येतो', 'जातो' म्हणतात. पुण्यात मी 'येते' म्हणते. आईशी बोलताना जीभ आपोआप वळते.) तिचा पहिला प्रश्न, "काय झालं? बरी आहेस न्हवं?" लेक सहज म्हणून घरी येऊ शकते हे आईच्या मनातही येऊ नये, याचं मला फार वाईट वाटलं.

एसटीत शेजारी कराडला उतरणाऱ्या आजी होत्या. पंचाहत्तरी उलटलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे. "आता महिन्याला जाऊन येते लेकीकडं," आजी म्हणाल्या. आम्हा बायकांनाही मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पण माझी अडचण तिकिटाची कधीच नव्हती.

२. मैत्रिणीकडं वेळ मागू नये, तिच्या कामात जाऊन बसावं.

माझी शाळेतली मैत्रीण राजारामपुरीत शिवणकाम करते. लग्नसराईत तिला मान वर करायला फुरसत नसते. शनिवारी सकाळी मी तिच्याकडं गेले आणि ब्लाउजना हूक लावत बसले. दोन तासांत नऊ वर्षांचं बोलणं झालं. शेवटी तिनं सुई माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "आज संध्याकाळी एकाला भेटायचंय तुला."

३. पहिल्या भेटीत आडनाव विचारू नये.

ब्लाइंड डेट हा शब्द तिचाच. तिच्या अटीही ठरलेल्या होत्या. "फोटो नाही, पगार नाही, आडनाव तर अजिबात नाही. त्यालाही तुझं सांगितलेलं नाही. साडेपाचला रंकाळ्यावर जा, एक फेरी मारा. नाही पटलं तर भेळ खाऊन घरी जा की."

आडनाव नाही, यात काय आहे ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आपल्याकडं 'आडनाव काय' आणि 'गाव कोणतं' हे दोन प्रश्न झाले की विचारणाऱ्याच्या मनात पुढचं सगळं ठरलेलं असतं. मी चार वेळा पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले आहे. प्रत्येक वेळी समोरच्यांच्या हातात माझा बायोडेटा होता: रास, नाडी, देवक, उंची, पॅकेज. माणसं कागदाकडं बघत आणि मग तो कागद बरोबर आहे का हे तपासायला माझ्याकडं बघत. त्यात वाईट हेतू नव्हता, पण मी तिथं नव्हतेच.

याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केला. शंभर वर्षं उलटून गेली. कायदा जुना झाला, पण आडनाव न विचारता दोन माणसांनी तासभर बोलावं हे अजून मैत्रिणीला गुपचूप घडवून आणावं लागतं. मला हे मनापासून खुपतं.

४. आपली अडचण आपण आधी सांगावी.

तो तलावाच्या चौपाटीपाशी उभा होता. नमस्कार झाला आणि पुढचंच वाक्य, "जरा माझ्या उजव्या बाजूनं चाला. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही." सातव्या वर्षी गालगुंड झालं आणि तो कान गेला, म्हणाला. आवाजात ओशाळलेपण नव्हतं. पाऊस येईल, छत्री घ्या, असं सांगावं तितकं साधं. मी बाजू बदलली आणि आम्ही शालिनी पॅलेसच्या दिशेनं चालू लागलो.

तो गुरांचा डॉक्टर आहे. एका कानानं स्टेथोस्कोप कसा लावता, असं मी विचारलं. तो थांबला आणि हातानं हवेत म्हशीचं पोट काढून दाखवलं. रवंथाचं पोट डाव्या कुशीत असतं. तिथं नळी टेकवायची आणि घड्याळाकडं बघत उभं राहायचं. मिनिटाला एक-दोनदा आत काहीतरी घुमल्यासारखं ऐकू आलं, की जनावराचं पोट चालू आहे. "एक कान पुरतो. घाई केली तर मात्र दोन असूनही ऐकू येत नाही," तो म्हणाला.

पूर्ण फेरीभर मी त्याच्या उजवीकडून चालले. वाट अरुंद झाली, गर्दी आली, तरी बाजू सोडली नाही. ऐकू जावं म्हणून वळून, तोंडाकडं बघून बोलत होते. इतकं लक्ष देऊन मी कुणाशी शेवटचं कधी बोलले होते, ते आठवेना. अंधार पडला, पाण्यातला संध्यामठ दिसेनासा झाला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "निघतो मी आता." तासभर मी पुण्याचं 'आले-गेले' बोलत होते. तो हसला आणि म्हणाला, "आता कोल्हापूरच्या वाटल्या तुम्ही."

५. घरच्या माणसांनाही नव्यानं बघावं.

रविवार म्हणजे आमच्याकडं मटण. पप्पा सकाळीच दुकानापुढच्या रांगेत उभे राहून आले. आईनं आधी मला अळणीची वाटी दिली, लहानपणी द्यायची तशी. मग तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से. पांढऱ्यात नारळाचं दूध आणि खसखस. हळदीचा कणही पडू द्यायचा नाही.

पानं वाढली. मी म्हटलं, "पप्पा, रस्सा घ्या."

"बसलोय की," पप्पा म्हणाले.

आई हसली. तिला सवय होती. मीही हसणार होते, पण कालची संध्याकाळ आठवली. मी बघू लागले. आई बोलली की पप्पा मान थोडी वळवून तिच्या ओठांकडं बघत. नळ सुरू असला की उत्तरच देत नसत. टीव्ही इतका मोठा की शेजारच्यांना बातम्या कळाव्यात. तीस वर्षं साखर कारखान्यात मिलजवळ फिटर होते ते. गाळप हंगामात त्या आवाजात माणसं खुणांनीच बोलायची. तेव्हा कानांत बोळे घालायला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि फोन. मी फोन केला की पप्पा दोन वाक्यांत म्हणायचे, "थांब, आईला देतो." गेली तीन-चार वर्षं मी धरून चालले होते, की त्यांना माझ्याशी बोलायला काही उरलेलं नाही. एकदा तर रागाच्या भरात मी ते आईला बोलून दाखवलं होतं.

त्यांना ऐकू येत नव्हतं.

एका अनोळखी माणसासाठी मी तासभर बाजू बदलून चालले आणि वडिलांना मनातल्या मनात दोष देत राहिले. माझ्या मनात त्यांचा जुना बायोडेटा होता: वय पन्नास, आवाज खणखणीत, एका हाकेत गल्ली गोळा करणारे. त्यापुढचं मी वाचलंच नव्हतं.

६. ओरडू नये, समोर बसून बोलावं.

हे नंतर कानाच्या डॉक्टरांकडून कळलं. सतत मोठ्या आवाजात राहिलं की आधी बारीक, चढे सूर ऐकू येईनासे होतात. स, श, फ ही अक्षरं त्यातलीच. म्हणून बोलणं ऐकू येतं पण शब्द कळत नाहीत, आणि ओरडून तो गेलेला 'स' परत येत नाही. फोनवर हे सूर आणखी कमी होतात, ओठही दिसत नाहीत. उजेडात, समोर बसून, सावकाश बोललं की निम्मं काम होतं.

पप्पांच्या दोन्ही कानांची तपासणी झाली. मशीन लागणार आहे. ते येईपर्यंत आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलतो. परवा बावीस मिनिटं बोललो आणि त्यांनी फोन आईला दिला नाही. येत्या शनिवारी मी परत जाते आहे, रंकाळ्यावरही जायचं ठरलं आहे.

तुमच्या घरी कुणी दोन वाक्यांत फोन दुसऱ्याच्या हातात देत असेल, तर रुसून बसू नका. पुढच्या सुट्टीत त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन जा.