पटाशी हाती धरल्यावर

निवृत्तीनंतर गावातल्या एका मिस्त्रींकडे लाकडावरचं कोरीवकाम शिकायला जाऊ लागलो. मातीच्या मूर्तीला गोळा परत लावता येतो; इथे काढलं ते गेलं. बाकीचे सगळे नियम या एका अडचणीतूनच निघतात.

१. आधी धार. बोथट पटाशीला जोर लागतो, आणि जोराने रेटलेली पटाशीच हातावर घसरते. मऊ लाकडावर रेषे आडवे छेदून पाहावेत. काप चकचकीत आला तर धार बसली. कापात पांढरी रेघ उठली तर पात्याला खाच आहे. परत दगडावर घासायला घ्यावं.

२. शिकायला शिवण बरी, कारण ती मऊ असते. साग टिकाऊ खरा, पण त्यातली सिलिका धार खाते.

३. रेष्यांच्या उताराने कापावं. उलट गेलं की ढलपी आत फाटत जाते. साधं वर्तुळ कोरतानाही पटाशीची दिशा चार वेळा बदलावी लागते.

४. नाजूक देठ रेष्यांच्या लांबीत धरावा. आडवा आला तर कोरताना वाचेल, पण फडक्याने पुसताना तुटेल. म्हणून नक्षी उतरवण्याआधी फळी फिरवून बघावी.

५. मोठं आधी, बारीक शेवटी. वेरूळचं १६ क्रमांकाचं लेणं, म्हणजे कैलास, आठव्या शतकात बेसॉल्टच्या डोंगरात वरून खाली कोरत नेलं. आधी तीन बाजूंनी चर खणून मधला खडक सुटा केला, मग त्यातून मंदिर काढलं. खालचे हत्ती जिथे हवेत तिथे खडक राखायचा, हे शिखरावर छिन्नी चालत असतानाच ठरलेलं असणार. आपल्या वीतभर फळीवरही कुठे किती लाकूड राखायचं, ते पहिल्या घावाआधी खुणावून ठेवावं.

६. चेहरा कोरताना नाक मोठं ठेवावं, डोळे लहान. नाक नंतर कमी करता येतं, डोळा वाढवता येतो. उलट जमत नाही. चीनमध्ये इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हान फेई या विचारवंताने हाच नियम नोंदवला आहे. आमच्या मिस्त्रींना हान फेई ठाऊक नाही, नियम पाठ आहे.

७. पॉलिश पेपर अगदी शेवटी, आणि जपून. त्याने कडा गोलावतात, शिवाय त्याची कच लाकडात अडकते. त्यावर पुन्हा पटाशी चालवली की धार गेलीच.

८. काम तिरक्या उजेडात तपासावं. डोक्यावरच्या ट्यूबखाली खोदकामाची खोली नीट कळत नाही. देव्हाऱ्याच्या कमानीवर समईचा उजेड खालून पडतो, तिथे सावल्या उलटतात. वस्तू जिथे बसणार तिथला उजेड कुठून येतो, हे आधी विचारावं आणि खोली त्या हिशेबाने धरावी.