इथाका येथील एक बंधुसंघ

अमेरिकेच्या सामाजिक इतिहासाचे वाचन करताना ‘फ्रॅटर्निटी’ हा शब्द वारंवार भेटतो. ग्रीक अक्षरांचे नाव, दीक्षाविधी, स्वतःचे निवासगृह व आयुष्यभराचे सभासदत्व असा हा विद्यार्थ्यांचा बंधुसंघ असतो. त्याच्या प्रत्येक विद्यापीठातील शाखेस ‘चॅप्टर’ म्हणतात. हा सारा प्रकार मला प्रथम थोडा पोरकटच वाटला होता. परंतु न्यूयॉर्क राज्यातील इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात निघालेल्या ‘आल्फा फाय आल्फा’च्या पहिल्या शाखेची हकीकत वेगळी आहे.

१९०४-०५ साली तेथे शिकत असलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सहा जण पुढील वर्षी परतलेच नाहीत. विद्यापीठाचे दार सर्वांना खुले होते खरे. पण आत गेल्यावर सोबत कोणाची? गोऱ्यांचे बंधुसंघ त्यांना सभासद करून घेत नसत. तेथे वाढप्याचे काम मात्र मिळे! ही मुले गावातील कृष्णवर्णीय कुटुंबांकडे खोल्या घेऊन राहत. अशाच एका घरी, नॉर्थ अल्बनी स्ट्रीटवर, त्यांचे अभ्यासमंडळ जमू लागले. हेतू साधा होता. एकमेकांचा अभ्यास सांभाळावयाचा आणि कोणी गळू द्यावयाचा नाही.

पुढे मतभेद झाला. मंडळाचे प्रमुख पॉइंडेक्स्टर यांना अभ्यासमंडळच पुरेसे वाटत होते; इतरांना बंधुसंघ हवा होता. मला पॉइंडेक्स्टर यांची बाजू अगदीच चुकीची वाटत नाही. ज्यांनी आपल्याला दाराबाहेर ठेवले त्यांचेच रीतिरिवाज का उचलावेत? तथापि अभ्यासमंडळ पदवीबरोबर संपते, बंधुत्व संपत नाही. ४ डिसेंबर १९०६ रोजी सात जणांनी बंधुसंघ स्थापन केला. त्यांच्यापैकी युजीन किंकल जोन्स यांनी पुढे ‘नॅशनल अर्बन लीग’चा कारभार पाहिला, व्हर्टनर टँडी वास्तुशिल्पी झाले, हेन्री कॅलिस डॉक्टर झाले.

१९०७ साली हॉवर्ड विद्यापीठात दुसरी शाखा निघाली आणि पाहता पाहता संघ देशभर पसरला. त्याचे समाजकार्य पाहिले म्हणजे इथाकाच्या त्या खोलीची आठवण होते. १९१९ च्या सुमारास सुरू झालेल्या मोहिमेत सभासद ठिकठिकाणी जाऊन, मुलांनी हायस्कुलात व पुढे कॉलेजात जावे, असे पालकांना पटवून देत. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मतदानापासून अनेक युक्त्यांनी दूर ठेवले जात असता, १९३० नंतरच्या दशकात संघाने मतदार नोंदणीचे काम हाती घेतले.

त्याच काळात मेरीलँड विद्यापीठाच्या कायदा विद्यालयाने डोनाल्ड मरे या तरुणास वर्णावरून प्रवेश नाकारला. त्याच्या खटल्यामागे संघ उभा राहिला. वकिलांत थरगुड मार्शल होते. ते याच संघाचे सभासद, आणि पुढे १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. मरेने १९३५ साली वर्गात पाऊल टाकले. वरिष्ठ न्यायालयाने १९३६ साली निकाल कायम केला, आणि १९३८ साली तो पदवी घेऊन बाहेर पडला.